अस्तर, रंग आणि बेळगावचा पाऊस

प्लास्टिकच्या किटमधून मोटारीचे मॉडेल उभे करताना जोडकामाला जितके महत्त्व दिले जाते, त्याहून अधिक ते रंगकामाला द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. रणगाड्याच्या मॉडेलवर चिखल आणि गंज चढवता येतो, लढाऊ विमानावर धुराचे डाग शोभून दिसतात आणि त्यांखाली बरेच काही झाकून जाते. मोटारीला ही सवलत नाही. नवी कोरी गाडी दाखवायची असेल तर तिच्या छतावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब सरळ रेषेत पडले पाहिजे. ती रेषा कुठे वाकली, की कारण सांगता आले नाही तरी समोरची वस्तू खेळण्यातली आहे हे पाहणाऱ्याला तत्काळ जाणवते.

मी 1:24 या प्रमाणात काम करतो. अर्ध्या इंचाला एक फूट या जुन्या हिशेबाचे हे प्रमाण असून टामिया, फुजिमी, हासेगावा, आओशिमा या जपानी कंपन्यांच्या बहुतेक मोटारी याच मापात निघतात. अमेरिकी किटमध्ये 1:25 हे प्रमाण अधिक आढळते. या मापात साधारण गाडी तळहातावर मावते. इतक्या लहान वस्तूवर रंगाचा थर किती जाड असावा, हा प्रश्न मला या छंदातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, आणि त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे.

कारखान्यातून निघालेल्या खऱ्या मोटारीवर अस्तरापासून (प्रायमर) वरच्या पारदर्शक क्लिअर कोटपर्यंत सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी भरते. चोवीसाने भागले तर मॉडेलवर ती जेमतेम 4-5 मायक्रॉन असायला हवी. इतका पातळ थर आपल्याला हाताने देता येत नाही. अस्तर, रंग आणि क्लिअर धरून अगदी जपून मारले तरी 50 मायक्रॉन सहज होतात, म्हणजे खऱ्या गाडीच्या मापात सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचे लेपण. आता दरवाजाची फट पाहा. खऱ्या गाडीत ती 4 मिलिमीटर धरली तर मॉडेलवर सुमारे 170 मायक्रॉन येते. तिच्या दोन्ही कडांवर 50-50 मायक्रॉन रंग बसला तर उरतात फक्त 70. पुष्कळ मॉडेलांचे दरवाजे, बॉनेट आणि डिकी नुसत्या ओढलेल्या रेषांसारखी दिसतात, त्याचे कारण या बेरीज-वजाबाकीत आहे. यावर उपाय रंगाआधीच करावा लागतो. बारीक टोकाच्या हत्याराने प्रत्येक फटीतून हलक्या हाताने पुनःपुन्हा फिरून ती खोल करावी, रुंद मात्र करू नये, कारण फटीचा भास सावलीमुळे होतो आणि सावली खोलीमुळे पडते. रंग पूर्ण वाळल्यावर त्या फटीत पातळ केलेला इनॅमल रंग सोडायचा, तो गडद गाडीला काळा आणि पांढऱ्या गाडीला राखाडी. पांढऱ्या गाडीत काळा भरला की ती गाडी चित्रकलेच्या वहीतली वाटू लागते.

मेटॅलिक रंगाला हाच हिशेब लागतो. गॅरेजमधल्या मेटॅलिक रंगातले ॲल्युमिनिअमचे कण खऱ्या गाडीवर सुंदर चमकतात; तेच कण मॉडेलवर चोवीसपट मोठे भासतात आणि गाडीवर चमकी शिंपडल्याचा भास होतो. मॉडेलसाठी बनवलेले बारीक कणांचे रंग महाग पडतात, तरी मेटॅलिकच्या बाबतीत काटकसर करू नये.

अस्तराखालच्या कामाबद्दल मी जे काही शिकलो, त्यातले पुष्कळसे आमच्या गल्लीच्या टोकाला डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज चालवणाऱ्या मामांकडून शिकलो. हाताखालच्या पोरांशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत बोलत, एकीकडे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरत ते मला समजावून सांगतात. एकदा मी नेलेली बॉडी त्यांनी उजेडात तिरकी धरली आणि म्हणाले, "डोळ्यानं बघून कळत नाही ओ, काळं मारा आणि घासा, मग दिसतंय." त्यांच्या गॅरेजमध्ये अस्तर वाळले की त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारतात आणि पाणी लावून वॉटर पेपरने घासतात. उंचवट्यावरचे काळे आधी निघून जाते, खड्ड्यातले तसेच राहते. हीच रीत मी बॉनेटवर करून पाहिली, तेव्हा सपाट वाटणाऱ्या त्या पृष्ठभागावर मधोमध दोन काळे ठिपके शिल्लक राहिले. आतल्या बाजूने पाहिले तर नेमके तेथेच प्लास्टिकचे दोन जाड खुंट होते. साच्यात ओतलेले प्लास्टिक जेथे जाड असते तेथे ते निवताना अधिक आकसते आणि वरचा पृष्ठभाग किंचित आत ओढला जातो. कोणत्याही कंपनीच्या किटमध्ये हे आढळते आणि नुसत्या नजरेला ते अस्तरानंतरही दिसत नाही. क्लिअर मारून गाडी चकचकीत झाली, की मात्र प्रतिबिंब तेथे हमखास मुरडते.

घासण्याचा क्रम म्हणाल तर लांबी आणि जोड यांना 400 किंवा 600 नंबरचा पेपर, अस्तराला 1000, आणि शेवटच्या क्लिअरला 2000 पासून पुढे. सगळे पाण्यात भिजवून, साबणाचा एखादा थेंब टाकून. कडांवर पेपर फिरवू नये, तेथे रंग आधीच पातळ असतो आणि दोन-चार घासण्यांत खालचे प्लास्टिक उघडे पडते.

गॅरेजची रीत जशीच्या तशी उचलता येत नाही अशी एक जागा आहे, ती म्हणजे थिनर. मोटारीच्या लॅकरचा (झटपट वाळणाऱ्या रंगाचा) थिनर फार कडक असतो आणि पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे किटच्या प्लास्टिकच्या, उघड्या पृष्ठभागावर तो बारीक तडे पाडतो. म्हणून आधी मॉडेलसाठीचे अस्तर, आणि त्यावर पहिला हात इतका विरळ की तो पडता पडता वाळावा. थरांचा क्रमही पाळावा लागतो. लॅकरवर इनॅमल चालते, पण इनॅमलवर लॅकर मारला की खालचा थर फुगून सुरकुततो. एअरब्रशसाठी, म्हणजे रंग फवारण्याच्या पेनाएवढ्या हत्यारासाठी, मी 0.3 मिलिमीटरची सुई आणि 15 ते 20 पीएसआय दाब वापरतो, आणि रंग दुधाइतका पातळ ठेवतो. हार्डनर घालून वापरायचे पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर घरात मारू नये, असे माझे स्पष्ट सांगणे आहे. त्याची चमक अप्रतिम असते, पण त्यातील आयसोसायनेट या रसायनामुळे फुप्फुसांना कायमचा अपाय होऊ शकतो. साध्या लॅकरलाही कार्ट्रिजचा मास्क आणि उघडी खिडकी हवीच.

यानंतरचा विषय आमच्या भागातल्या माणसाला विशेष जवळचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीशी वसलेले असल्याने जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत येथे पाऊस नसला तरी हवेत पाणी असते. कपाटातले कपडे दमट होतात आणि खोलीतला आर्द्रतामापक दिवसचे दिवस 80-90 टक्क्यांच्या खाली उतरत नाही. अशा हवेत लॅकर मारला की चकचकीत काळी गाडी पाहता पाहता दुधट होते. लॅकरमधला द्रव झपाट्याने उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावरच दवासारखी जमते. हे पाणी थरात अडकल्यामुळे रंग पांढुरका दिसतो. सावकाश उडणारा रिटार्डर थिनर मिसळला तर थोडा दिलासा मिळतो, आणि दुधट झालेल्या थरावर त्याचाच विरळ फवारा मारल्यास पुष्कळदा मूळ रंग परत येतो. तरीही मला वाटते, की निसर्गाशी झगडण्यापेक्षा कामाची वाटणी ऋतूप्रमाणे करावी हे उत्तम. पावसाळ्यात मी कापणे, जोडणे, फटी खोल करणे, लांबी आणि घासणे एवढेच करतो; बॉडीचे रंगकाम दसऱ्यानंतर सुरू होते आणि होळीपर्यंत चालते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येण्याची शक्यता असते, म्हणून त्या दिवसांत फवारणी सकाळीच उरकावी. आपल्या मूर्तिकारांना अशी निवड नसते. त्यांचा हंगाम ऐन पावसातला, आणि ते मोठ्या दिव्यांच्या उबेत मूर्ती वाळवून वेळेवर देतात, याचे मला दरवर्षी कौतुक वाटते.

काचा, क्रोम आणि स्टिकर यांवर फार लिहीत नाही. काचांना फेविक्विकच्या जातीचा गोंद लावू नये, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. पारदर्शक सुकणारा पांढरा गोंद पुरेसा असतो.

एवढी रीत हाती आल्यावर परदेशी स्पोर्ट्स कारच का करायच्या, हा प्रश्न मला पडला. आमच्या डोळ्यांसमोरच्या गाड्या निराळ्या होत्या, आणि त्यांत पहिली अँबेसिडर. बंगालमधील उत्तरपारा येथे मॉरिस ऑक्सफर्डच्या सांगाड्यावरून ती 1957 पासून बनू लागली आणि 2014 मध्ये बंद झाली. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिससमोर ओळीने उभ्या असलेल्या पांढऱ्या अँबेसिडर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या गाडीच्या पाठीचा गोलावा वेगळा सांगावा लागत नाही. टामियाच्या तोडीचे तिचे किट दुकानात मिळत नाही, म्हणून बॉडी मुळापासून घडवायला घेतली आहे. लांबी 4325 मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर सुमारे 180; पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर 2464, म्हणजे 102.7.

येथे बेळगावात राहण्याचा फायदा मिळतो. उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्रींमुळे या शहरात पॅटर्न बनवणारे कसबी कारागीर पिढ्यान् पिढ्या आहेत. पंपाचे भाग असोत की मोटारीचे, वाळूच्या साच्यात धातू ओतण्याआधी कोणीतरी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती घडवलेली असते, आणि बीड (ओतीव लोखंड) निवताना सुमारे एक टक्का आकसते म्हणून ती प्रतिकृती तेवढीच मोठी ठेवलेली असते. अशा एका वयस्क कारागिरांना मी माझे आराखडे दाखवले. त्यांनी सागवानाचा ठोकळा दोन भागांत घ्यायला सांगितले, गाडीच्या मध्यरेषेवर चिकटवलेला, म्हणजे ती रेषा कितीही घासले तरी हरवत नाही आणि डावी-उजवी बाजू मापता येते. शिवाय दर 10 मिलिमीटरवर पत्र्याचा आडवा छेद कापून तो लाकडावर टेकवून पाहायचा, फट दिसेल तेथेच कानस. किटमधल्या बॉडीच्या मडगार्डवरून जाणारी साच्याची बारीक रेघ पाहताच, "ही पार्टिंग लाइन, आमच्याकडंपण अशीच येते, ग्राइंड करून काढायची," असे ते चटकन म्हणाले. त्या रेघेकडे दुर्लक्ष करून रंगवलेली मॉडेले मी प्रदर्शनांतही पाहिली आहेत. सागवानी नगावरून सिलिकॉनचा साचा आणि त्यातून रेझिनची बॉडी, असा पुढचा क्रम आहे.

रंग पांढरा असल्याने अस्तरही पांढरेच लागेल, कारण पांढऱ्याची झाकण्याची ताकद कमी असते आणि राखाडीवर तो उजळवायला गेले की थर वाढतात. नुसता पांढरा लहान आकारात डोळ्यांना बोचतो, तेव्हा त्यात पिवळसर तपकिरीचा थेंब. गाडी खानापूर-जांबोटीकडून आलेली दाखवायची आहे, म्हणून चाकांच्या कमानींत तांबडी माती. अथणी किंवा सौंदत्तीची गाडी असती तर काळी घ्यावी लागली असती. माती वाळवून, कुटून, मलमलीतून चाळून घ्यायची, आणि जेथे लावायची तेवढ्याच भागावर आधी मॅट क्लिअर मारायचे, कारण चकचकीत पृष्ठभागावर ती टिकत नाही.

नंबरप्लेट केए-22 ची, म्हणजे बेळगावची असेल. खरी पाटी 500 गुणिले 120 मिलिमीटरची, ती येथे 20.8 गुणिले 5 होते. 65 मिलिमीटर उंचीचे अक्षर 2.7 मिलिमीटरचे आणि त्याची रेघ 0.4 ची. कॉम्प्युटरवर छापून चिकटवणे सोपे आहे, पण त्या काळी पाट्या पेंटर हाताने लिहीत, म्हणून मीही ट्रिपल झिरोच्या अतिशय बारीक ब्रशने लिहिणार आहे आणि त्यासाठी जुन्या पाट्यांवरचा 2 चा वळसा कसा असायचा त्याचे फोटो जमवतो आहे.