भाऊ, हवा किती मारू?

पंपावर हवेच्या नळीपाशी गाडी लावली की पोरगा खाली बसायच्या आधीच विचारतो, "किती मारू भाऊ?" आणि मी कित्येक वर्षं डोकं न लावता "पस्तीस" म्हणायचो. कारण काय तर बाबा त्यांच्या छोट्या गाडीत तीस सांगायचे, माझी मोठी, म्हणून पाच जास्त. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी, घेतली तरी तेच चालू. वरून उन्हाळ्यात अजून एक शहाणपणा, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला की टायर फुटतात म्हणून हवा कमी ठेवायची, हे आमच्याकडे चहाच्या टपरीपासून ऑफिसपर्यंत सगळे सांगतात. मी पण ठेवायचो, अठ्ठावीस, आणि तेवढ्यावर चार माणसं, कॅरिअरवर सामान, शंभरच्या स्पीडने.

हे एकदम उलटं आहे बरं का. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, दबते आणि सुटते, मिनिटाला शेकडो वेळा. लोखंडी तार हाताने वाकवून तोडून पहा, तुटायच्या जागी बोटाला चटका बसतो, तसंच रबराच्या आत होऊन राहिलं असतं. वरून पारा ४५ वर, खाली सिमेंटचा रोड तापलेला, आतली गरमी जाणार कुठे? उन्हाने हवेचं प्रेशर वाढतं हे खरं, पण ते किती, तर २० डिग्रीला साधारण ३ पीएसआय (पंपावर सांगतो तो आकडा याच मापात असतो). त्याचा हिशोब टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेला असतो.

आता आकडा कुठून घ्यायचा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर एक स्टिकर असतो, पुढे किती, मागे किती, रिकामी किती, फुल लोड किती. सुरुवात तिथून. टायरवर कोरलेला मोठा आकडा बघून तेवढी हवा भरणारे महाभाग मी पाहिलेत, तो त्या टायरची कमाल मर्यादा असते, गाडीला लागणारी हवा नाही. आणि मोजायचं गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी, ऊन लागायच्या आत. पंपापर्यंत आठ-दहा किलोमीटर जाऊन मोजलं की टायर तापलेला, आकडा खोटा. म्हणून एक गेज घ्या, आपलंच. पंपावरच्या मीटरमध्ये आणि माझ्यात ३ चा फरक निघाला, बरोबर कोण देव जाणे, पण रोज एकच वापरलं की तुलना तरी नीट होते.

स्टिकर कंपनीच्या टायरसाठी, कंपनीच्या वजनासाठी. माझ्या गाडीवर कॅरिअर आहे, पुढे लोखंडी बंपर आहे, टायर बदललेले, मग? यासाठी एक जुनी ट्रिक आहे, ऑस्ट्रेलियातले फोर बाय फोरवाले फार वापरतात, चार पीएसआयचा नियम म्हणतात. थंड टायर मोजायचा, तासभर आपल्या नेहमीच्या स्पीडने चालवायची, थांबून लगेच परत मोजायचा. साधारण ४ वाढले तर बरोबर, जाड लाइट ट्रक टायरला ६ पर्यंत. त्याच्यापेक्षा जास्त वाढले म्हणजे टायर फार वाकून तापला, हवा कमी होती. दोनच वाढले म्हणजे आधीच ठासून भरली होती. मी हे समृद्धी महामार्गावर केलं. सकाळी सहाला घरी मागचे दोन ३३, नागपूरजवळच्या शिवमडक्यावरून चढलो, पाच माणसं आणि डिकी फुल, तासाभराने उतरून मोजतो तर ४१! आठ वाढले. परतीच्या दिवशी पहाटे ३७ करून निघालो, तासाने ४१-४२. म्हणजे त्या वजनाला माझा आकडा ३७, अंदाजपंचे पस्तीस नाही. एक मात्र, गरम टायरमध्ये जास्त दिसलं म्हणून तिथेच हवा काढू नका, थंड झाला की तो कमी हवेचा टायर होतो, परत पहिल्या पानावर. आणि उन्हाच्या बाजूचा टायर एक-दोन जास्तच दाखवतो, घाबरायचं नाही.

(नायट्रोजन भरू का असं दर वेळी कोणी ना कोणी विचारतं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे भाऊ, पैसे वाचवा, त्यात तर्री पोहे खा.)

हे झालं रोडचं. खरा धडा मला रेतीत मिळाला. मित्राच्या ओळखीच्या माणसाची कन्हान नदीच्या पात्रात टरबुजाची वाडी, इकडे आम्ही डांगरवाडी म्हणतो, तिथून पोतंभर टरबूज आणायला मार्चमध्ये गेलो. फोर बाय फोर आहे ना, मग काय, लीव्हर टाकला आणि घुसलो. पन्नास फूट पण नाही गेलो. चाकं फिरली, रेती उडाली, गाडी ॲक्सलपर्यंत बसली. मी अजून ॲक्सिलरेटर दाबून राहिलो आणि ती अजून खाली. वाडीतले एक काका विळा हातात घेऊन शांतपणे पाहत होते. मग जवळ आले, चाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हवा काढ ना बाबू. ट्रॅक्टरच्या चाकात काय एवढी हवा रायते काय?"

मला आठवलं, शेतात ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकात १२ ते १६ पीएसआय असते, ढेकळांवरून तो कसा पसरून चालतो! काकांनी बाभळीची काडी दिली, मी व्हॉल्वची टोपी काढून काडीने पिन दाबली, फुस्स करून गरम रबराचा वास असलेली हवा तोंडावर. एकेका टायरला दीड-दोन मिनिटं, मधे मधे गेज लावायचा, १६ वर थांबलो. टायर खाली बाहेरच्या बाजूला थोडा फुगलेला दिसायला लागला. चाकांपुढची रेती हाताने सारली, दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडला, आणि गाडी अशी निघाली जशी काही झालंच नव्हतं.

गणित सोपं आहे. एका चाकावर ४५० किलो धरा, ३३ पीएसआयला टायरचा जमिनीवरचा ठसा साधारण २०० चौरस सेंटीमीटर, हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा. हवा निम्मी केली की ठसा जवळजवळ दुप्पट, आणि तो रुंदीत कमी, लांबीत जास्त वाढतो. तेच वजन दुप्पट जागेत, म्हणून रुतत नाही. पण १५ च्या खाली जायला मला भीती वाटते, जोरात वळवलं तर टायर रिममधून निसटतो. त्या हवेवर स्पीड पण बैलगाडीचीच. आणि डांबरावर चढायच्या आधी परत भरायची, यासाठी बॅटरीला चिमटे लावायचा छोटा कंप्रेसर गाडीत पाहिजेच, माझा एका टायरला चार-पाच मिनिटं घेतो. (टरबूज घरी कापलं तर आतून पांढरं. असो.)

मुरमाच्या रस्त्याला मी २६-२८ ठेवतो, दगड टायरला कापायच्या ऐवजी टायर दगडावरून दबून जातो, आणि कंबर पण वाचते. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत मात्र २०-२२ करून थोडा फायदा होतो पण फार नाही. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरातली ती माती खाचांमध्ये अशी भरते की चांगला टायर दोन मिनिटांत गोटा होतो. तिथे गाडी धुऱ्यावर (बांधावर) ठेवून पायी जायचं, चप्पल हातात घेऊन.

हे सगळं लिहायच्या आधी फोटोसाठी आज सकाळी चारही टायर मोजले, मस्त, सगळे बरोबर. मग लक्ष गेलं मागे टांगलेल्या स्टेपनीकडे, कव्हर काढलं, गेज लावला. १४.