नवा रेग्युलेटर बसवला, तरी स्कूटरची बॅटरी उतरतेच?

रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे इंजिनवर तयार होणारी एसी वीज डीसी करून ठरावीक व्होल्टेजवर बॅटरीला देणारा पार्ट, बदलूनही बॅटरी उतरली, की शिव्या नव्या पार्टला बसतात. बहुतेक वेळा त्याचा दोष नसतो. एकतर जुना पार्ट ज्या कारणाने जळला ते कारण गाडीत तसंच असतं, नाहीतर नवा पार्ट त्या स्टेटरच्या (इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या) जातीचाच नसतो. तिसरा रेग्युलेटर घेण्याआधी मल्टीमीटर काढा.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी काही तास उभी राहिल्यावर टर्मिनलवर १२.६ ते १२.८ व्होल्ट हवेत. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी उतरलेली. अशी बॅटरी आधी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरा, कारण ती चार्जिंगचा व्होल्टेज खाली ओढते आणि रेग्युलेटर उगाच बदनाम होतो.

आता इंजिन चालू, मीटर डीसीवर, पिना थेट टर्मिनलवर. रेस वाढवली की १३.८ ते १४.८ च्या दरम्यान आकडा स्थिरावला पाहिजे. १५ च्या वर चढला तर लगेच बंद करा. रेग्युलेशन होत नाहीये, बॅटरी उकळेल आणि बल्ब जातील. रेस देऊनही १२.५ जागचा हलत नसेल, तर चार्जिंगच नाही. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघण्याची युक्ती मात्र कोणी सांगितली तरी करू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतो आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) किंवा नवा रेग्युलेटर जाऊ शकतो.

चार्जिंग नसेल तर फ्यूज बघा, मग कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लास्टिकचा कनेक्टर. इथेच सगळ्यात जास्त घोळ असतो. जुन्या कपलरमधली पिन तापून ढिली झालेली असते, प्लास्टिक तपकिरी पडलेलं असतं, आणि त्यातच नवा पार्ट खोचला जातो. ढिल्या पिनेत रोध वाढतो, रोधामुळे उष्णता, उष्णतेने पिन आणखी ढिली. डोळ्यांना दिसत नसेल तर इंजिन चालू ठेवून मीटरची एक पिन रेग्युलेटरच्या आउटपुटला आणि दुसरी बॅटरीच्या प्लसला लावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर तेवढा व्होल्टेज वाटेतच मरतोय. अर्थच्या बाजूलाही, म्हणजे रेग्युलेटरची अर्थ वायर आणि बॅटरीचं मायनस यांच्यामध्ये, हेच मोजा.

मग स्टेटर. त्याचा कपलर सोडवून इंजिन चालू, मीटर एसीवर. तीन सारख्या रंगाच्या वायर असतील तर तिन्ही जोड्यांमध्ये मोजा. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो. पाहायचं ते हे, की तिन्ही वाचनं जवळपास सारखी आहेत आणि रेसबरोबर वाढतात. एक जोडी मागे पडली तर कॉइल गेली. इंजिन बंद करून रोध मोजताना आधी मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा, कारण कॉइलचा रोध अनेकदा एक ओहमच्याही आत असतो. या प्रकारात कोणत्याही वायरचा बॉडीशी संपर्क येता कामा नये.

पण साध्या सिंगल फेज, हाफ वेव्ह गाड्यांमध्ये (एकच कॉइल, आणि एसीच्या अर्ध्या फेरीनेच चार्जिंग) कॉइलचं एक टोक मुद्दामच बॉडीला जोडलेलं असतं. तिथे बॉडीशी संपर्क दिसला म्हणून चांगला स्टेटर फेकून देणारे कमी नाहीत. उलट चूकही तितकीच घातक. कपलर बसतो म्हणून फुल वेव्ह (पूर्ण फेरी वापरणारा) रेग्युलेटर लावला, तर बॉडीला जोडलेली कॉइल आतल्या डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) अर्ध्या फेरीला शॉर्ट होते, आणि कॉइल किंवा डायोड जळतो. कपलरचा आकार जुळणं म्हणजे पार्ट जुळणं नव्हे. पार्ट नंबर आणि पिनांचा क्रम दोन्ही ताडून पाहा.

सगळं बरोबर येऊनही उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल, तर किल्ली काढून मायनसची वायर सोडवा आणि ती वायर व मायनस टर्मिनल यांच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावा, आधी मोठ्या रेंजवर. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. साध्या गाडीत काही मिलिअँपिअरच्या आत वाचन हवं. जास्त असेल तर आधी रेग्युलेटरचाच कपलर काढा. आकडा पडला तर आतला डायोड गळतोय, आणि त्या वेळी नव्या पार्टवरचा संशय खरा. नाही पडला, तर अलार्म, जीपीएस, मोबाइल चार्जर यांच्या वायर एकेक करून सोडवत जा.