शेतकऱ्यांच्या याद्या, सर्व्हे नंबर आणि तीन कॉम्प्युटर

खानापुरात माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. जवळच्या एका गावच्या सोसायटीचे स्कॅन केलेले जुने कागद बेळगावात एका जुन्या मॅकवर पडून होते. ते सोसायटीच्या विंडोज लॅपटॉपवर आणायचं काम माझ्याकडे आलं. मॅकवरची झिप मी आधी माझ्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर उघडली, कारण नावं तपासायला तेच बरं पडतं.

पहिल्यांदा अडले ते सर्व्हे नंबर. जमीन म्हटली की पोटहिस्सा आलाच, 45/2, 112/1अ. मॅकच्या फाइंडरमध्ये, म्हणजे फाइली दिसतात त्या खिडकीत, नावात तिरकी रेघ बिनधास्त टाकता येते, पण आत ती : म्हणून साठवली जाते. त्यामुळे माझ्याकडे ‘उतारा 45:2’ दिसू लागलं. लिनक्सला हे चालतं. विंडोजला \ / : * ? " < > | यातलं काहीच चालत नाही, आणि पेनड्राइव्ह एक्सफॅट (फाइली साठवायची एक पद्धत) असेल तर लिनक्सवरूनही कॉपी अडते. सगळीकडे 45-2 करून टाकलं. ‘45-2’ नावाची फाइल आधीच तर नाही ना, एवढं मात्र बघून घ्यायचं, नाहीतर एका शेतकऱ्याचा उतारा दुसऱ्याच्या उताऱ्यावर बसायचा.

खरी डोकेदुखी पुढे होती. सोसायटीकडच्या फाइली त्यात मिसळल्या आणि एकाच फोल्डरात ‘शेतकऱ्यांची यादी’ दोनदा दिसायला लागली. सेक्रेटरी म्हणाले, “काय ओ, एकच यादी दोनदा कशी?” नावं डोळ्यांना सारखी, कॉम्प्युटरला वेगळी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या यादीत, ऱ हे एकच चिन्ह आहे, 0931. जुना मॅक नाव साठवताना ते फोडतो, साधा र (0930) आणि त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब (093सी). ‘कन्व्हएमव्ही’ या फाइलींची नावं बदलणाऱ्या प्रोग्रॅमला एनएफसी रूप, म्हणजे फोडलेली चिन्हं जोडलेलं रूप, करायला सांगितलं की दोन्ही एक होतात. ते आधी नुसतं काय बदलेल तेवढं दाखवतं, प्रत्यक्ष बदल वेगळा हुकूम दिल्यावरच. ही सवय मला आवडली.

एवढ्यावर भागलं नाही. काही नावांत ऱ्य हा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक असा टाइप केलेला होता. युनिकोडच्या हिशेबी तो निराळाच मजकूर, त्यामुळे एनएफसीने काही होत नाही. तो शोधून बदलावाच लागतो.

मग लॅपटॉपचा बॅकअप लिनक्सवर घेताना ‘नाव फार लांब’ अशी तक्रार आली. नावाची मर्यादा विंडोज 255 चिन्हं मोजतं, तर लिनक्सची फाइली साठवायची पद्धत ईएक्सटी4 255 बाइट. लिनक्स नावं साठवतं त्या यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, काना-मात्रा-अनुस्वार सगळं वेगळं धरून. एकट्या ‘शेतकऱ्यांची’ला 33 बाइट लागतात. म्हणजे 255 बाइटांत जेमतेम 85 चिन्हं, त्यातच एक्स्टेन्शन. कन्नड नावांचंही तेच. सभेचा अख्खा विषय नावात लिहायची हौस असलेल्यांच्या फाइलींना कात्री लावावी लागली.

“सरळ इंग्रजीत नावं दे” असं दोघा-तिघांनी सुचवलं. मी ऐकलं नाही. सोसायटीत फाइल शोधणारा माणूस मराठीतच शोधतो, त्याला स्पेलिंग आठवत बसायला लावण्यात काय अर्थ? जुनं नाव आणि नवं नाव असा तक्ता तेवढा छापून दिला. सेक्रेटरींनी तो कर्जवाटपाच्या रजिस्टरला आतून चिकटवलाय, आणि मूळ झिप हात न लावता वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे.