खुन्नस ठेवा, पण तहात राहून

1926 साली अमेरिकेतल्या स्टार्कव्हिलमध्ये कॉलेज फुटबॉलच्या सामन्यात ओल मिसने, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाने, यजमान मिसिसिपी ए अँड एमला 7-6 असं हरवलं. (हेच ए अँड एम पुढे मिसिसिपी स्टेट झालं.) पाहुणे गोलपोस्ट उखडायला मैदानात धावले, यजमानांनी लाकडी खुर्च्या उचलल्या आणि त्या पाहुण्यांच्या अंगावर मोडल्या. दरवर्षी असंच होत राहिलं तर सामना बंद पडेल, हे दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं आणि 1927 पासून जिंकणाऱ्याला एक सोनेरी फुटबॉल द्यायचा असं ठरलं. त्या काळचा चेंडू आजच्यापेक्षा जाडजूड असायचा, त्यामुळे ही ट्रॉफी अंड्यासारखी दिसते. तिचं नाव गोल्डन एग, म्हणून सामना एग बोल.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या बऱ्याच विचित्र ट्रॉफ्यांमागे अशीच एखादी चोरी किंवा मारामारी आहे. स्टॅनफर्डची कुऱ्हाड कॅल, म्हणजे बर्कलीच्या मुलांनी 1899 मध्ये पळवली. स्टॅनफर्डच्या मुलांनी ती 1930 मध्ये परत पळवली आणि 1933 मध्ये ठरलं की जो जिंकेल त्याने वर्षभर ठेवायची. यूसीएलए आणि यूएससी ही लॉस एंजेलिसमधली दोन विद्यापीठं. यूसीएलएची घंटा, जुन्या रेल्वे इंजिनावरची, सुमारे 134 किलो वजनाची, 1941 मध्ये यूएससीच्या मुलांनी उचलली आणि वर्षाहून जास्त काळ लपवली. सामनाच रद्द करण्यापर्यंत गोष्ट गेली, तेव्हा 1942 मध्ये जिंकणाऱ्याने घंटा ठेवायची अशा करारावर दोन्ही विद्यार्थी अध्यक्षांनी सह्या केल्या. एकाच राज्यातले अलाबामा आणि ऑबर्न हे संघ तर 1907 नंतर 41 वर्षं एकमेकांशी खेळलेच नाहीत. कारण काय, तर खेळाडूंच्या राहण्या-खाण्याचा खर्च आणि पंच कुठून आणायचे. 1948 मध्ये सामना पुन्हा सुरू झाला, त्या दिवशी सकाळी बर्मिंगहॅमच्या एका बागेत दोन्ही विद्यार्थी नेत्यांनी खरोखरची कुऱ्हाड जमिनीत पुरली. मग अलाबामाने 55-0 असा फडशा पाडला.

या सगळ्या वस्तू म्हणजे तहनामे आहेत. चाहत्याने हे वैर किती मनावर घ्यावं याचं माझं उत्तर त्यातच आहे: हवं तेवढं घ्या, वर्षभर घ्या, पण तहात जे पणाला लावलंय तेवढ्यापुरतं. कुऱ्हाड, घंटा, अंडं, वर्षभराची बढाई. झाडं, नोकऱ्या, पोरांची डोकी तहात नाहीत.

"खेळच तर आहे, इतकं काय" म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. कॉलेज संघाचा नियमित हंगाम जेमतेम 12 सामन्यांचा आणि त्यात हा प्रतिस्पर्धी एकदाच भेटतो. हरलात तर पुढची संधी 364 दिवसांनी. बेसबॉलच्या हंगामात 162 सामने असतात, तिथे आजचा पराभव उद्या पुसता येतो. त्यातून इथे भूगोल आहे. ओहायो आणि मिशिगन 1835 मध्ये टोलीडोच्या पट्ट्यावरून मिलिशिया, म्हणजे नागरी सैन्य, घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले होते. शेवटी टोलीडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला वरचं द्वीपकल्प मिळालं. त्यांच्या विद्यापीठांमधला फुटबॉलचा पहिला सामना 1897 मध्ये झाला, मिशिगनने 34-0 असा जिंकला. आजही त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवर प्रत्येक एम अक्षरावर लाल फुली मारलेली असते. मिशिगनला हरवलं की ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याची इवलीशी विजार मिळते, ही प्रथा 1934 पासूनची. जॉन कूपर या प्रशिक्षकाने तिथे 111 सामने जिंकले, पण मिशिगनविरुद्ध 13 पैकी फक्त 2, एक बरोबरीत. 2001 च्या जानेवारीत त्यांना काढलं. ज्या सामन्यावर प्रशिक्षकाची नोकरी ठरते, तो चाहत्याने हसण्यावारी न्यावा अशी अपेक्षा चुकीची आहे.

पराभवाची किंमत मात्र बदलली आहे आणि जुन्या चाहत्यांना ते पचवायला जड जातंय. 2006 मध्ये ओहायो स्टेट आणि मिशिगन देशात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर होते, ओहायो स्टेट 42-39 जिंकली आणि मिशिगनचं विजेतेपदाचं स्वप्न तिथेच संपलं. 2024 पासून प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणारी बाद फेरी, 12 संघांचा झाला. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला मिशिगनने कोलंबसमध्ये, ओहायो स्टेटच्या घरी, येऊन ओहायो स्टेटला 13-10 असं गाडलं. मिशिगन जिंकेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं, ओहायो स्टेटचा मिशिगनकडून सलग चौथा पराभव, चाहते प्रशिक्षकाच्या रक्ताला तहानलेले. पुढच्या 51 दिवसांत तोच हरलेला संघ नोत्र दामला 34-23 हरवून राष्ट्रीय विजेता झाला. म्हणजे आता या सामन्यातला पराभव हंगाम संपवत नाही, फक्त मन जाळतो. माझ्या मते त्यामुळे हे वैर उलट शुद्ध झालंय: त्यात आता प्रामुख्याने अब्रूच उरली.

तो 2024 चा सामना तह मोडल्याचंही उदाहरण आहे. खेळ संपल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यभागी झेंडा रोवायला घेतला, धक्काबुक्की झाली, पोलिसांनी मिरीचा फवारा मारला. बिग टेनने, म्हणजे हे दोघे ज्या संघटनेत खेळतात तिने, दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी 1 लाख डॉलर दंड केला. ओहायोच्या एका आमदाराने तर तिथल्या मैदानात झेंडा रोवणं गंभीर गुन्हा ठरवणारं विधेयक मांडलं. इथे मात्र हसू आवरू नये.

आता खरं बिघडतं कुठे. पहिली जागा म्हणजे परत न होणारी खोडी. ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरवर दोन ओक होते. संघ जिंकला की लोक त्यांच्यावर टॉयलेट पेपरचे रोल भिरकावून झाडं पांढरीफटक करायचे. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये ऑबर्नने 24-0 च्या पिछाडीवरून अलाबामाला 28-27 हरवलं. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने झाडांच्या मुळाशी स्पाइक 80डीएफ ओतलं आणि 2011 च्या जानेवारीत रेडिओच्या कार्यक्रमात फोन करून स्वतःच ते सांगितलं. हे साधं तणनाशक नाही. त्यातलं टेबुथायुरॉन मुळांवाटे चढतं आणि पानांचं प्रकाशसंश्लेषण अडवतं. झाड नवी पालवी काढतं, ती गळते, पुन्हा काढतं, असं करत साठवलेली ताकद संपेपर्यंत मरत राहतं. शिवाय ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून फक्त झाड बदलून भागत नाही, मातीही उपसावी लागते. विद्यापीठाने माती काढली, उपचार केले, पण 2013 च्या एप्रिलमध्ये झाडं तोडावी लागली. त्या माणसाला तुरुंगवास झाला, वर लाखो डॉलरची भरपाई भरण्याचा हुकूम.

खोडी करायची असेल तर एकच कसोटी लावा: सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दोन तासांत, बादली आणि फडक्याने, ती पूर्ववत होते का? यूएससीत सामन्याच्या आठवड्यात टॉमी ट्रोजनचा पुतळा झाकून चिकटपट्टीने गुंडाळून ठेवतात आणि विद्यार्थी त्याभोवती रात्रभर पहारा देतात. यूसीएलएवाल्यांनी निळा रंग फासू नये म्हणून. ही आदर्श खोडी: रंग निघतो, पहारा देणाऱ्यांची मजा होते. रसायन, आग, जिवंत प्राणी, छत, मुळं यातलं काहीही आलं की ती खोडी राहत नाही.

दुसरी जागा जास्त वेदनादायक, कारण तिथे द्वेष नव्हता, निव्वळ प्रेम होतं. टेक्सस ए अँड एमचे विद्यार्थी टेक्सस विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याआधी प्रचंड होळी रचायचे. झाडं स्वतः तोडायची, ओंडके स्वतः रचायचे. 1969 मध्ये ती 109 फुटांपर्यंत गेली होती. नंतर 55 फुटांची मर्यादा घातली, पण 1999 मधली रचना 59 फूट होती, सुमारे 5000 ओंडके, केकसारखे एकावर एक थर. 18 नोव्हेंबरच्या पहाटे 2 वाजून 42 मिनिटांनी ती कोसळली. 12 जण गेले, 27 जखमी झाले. चौकशीत निघालेलं कारण प्रत्येक हौशी मंडळाने वाचावं असं आहे. वरच्या थराचे ओंडके खालच्या थराच्या फटींत पाचरीसारखे ठोकले होते, त्यामुळे खालचा थर आतून बाहेर ढकलला जात होता. त्या थराला बाहेरून आवळणारे पोलादी दोर आधीच्या वर्षांत असत, ते त्या वर्षी नव्हते. तारेच्या बांधण्या पुरल्या नाहीत. एका रात्रीची चूक नव्हती ती. लेखी अभियांत्रिकी आराखडा नाही, एका पिढीने दुसऱ्या पिढीला तोंडी शिकवलेलं, दर वर्षी थोडं सैल होत गेलेलं. परंपरा मनापासून पाळली जाते म्हणून ती सुरक्षित असते, हा समज तिथे कोसळला.

आठ दिवसांनी सामना झाला. ए अँड एमने 20-16 असा जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो मध्यंतर. टेक्ससच्या बँडने शोकाचे सूर वाजवले आणि टोप्या काढून मान खाली घालून मैदान सोडलं. शंभर वर्षांचं वैर असल्याशिवाय त्या टोप्या काढण्याला ते वजन आलं नसतं, असं मला वाटतं.

मैदानात घुसण्याबद्दल थोडं, कारण जिंकल्यावर डोकं चालत नाही. 1993 मध्ये मॅडिसनला विस्कॉन्सिनने मिशिगनला 13-10 हरवलं तेव्हा वरच्या रांगांतून रेटा आला, खालची मुलं कठडा आणि कुंपणाच्या मध्ये चेपली गेली, कठडे कोसळले आणि 70 हून जास्त जखमी झाले. धोका मैदानात कमी, कठड्याशी जास्त असतो. पहिल्या रांगांत असाल तर शेवटची दोन मिनिटं उरताना ठरवा: एकतर तेव्हाच वर सरका, नाहीतर फाटकाच्या रेषेत उभे राहा. गर्दीत सापडलात तर हात छातीसमोर आडवे धरा म्हणजे फासळ्यांना श्वासापुरती जागा राहते, रेट्याला सरळ विरोध न करता तिरकं कडेला सरका आणि पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. गोलपोस्टपासून तर लांबच. आडवी दांडी 10 फुटांवर असते, तिच्यावर माणसं लोंबकळली की ती हळूहळू वाकेल असं वाटतं, प्रत्यक्षात ती एकदम येते. 1983 च्या हार्वर्ड-येल सामन्यानंतर पडत्या खांबाखाली हार्वर्डची 18 वर्षांची विद्यार्थिनी गंभीर जखमी झाली होती. एसईसी या दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या संघटनेत आता यजमानांना मैदान भरल्याबद्दल थेट 5 लाख डॉलर दंड आहे. पाहुणा संघ आणि पंच आधी सुखरूप बाहेर पडले तर तो माफ होऊ शकतो. तेव्हा घुसायचंच असेल तर समोरचे खेळाडू बोगद्यात जाईपर्यंत थांबा. एवढी दोन मिनिटं कुणालाही काढता येतात.

आणि खेळाडू. 2013 च्या आयर्न बोलमध्ये, म्हणजे अलाबामा-ऑबर्न सामन्यात, 28-28 असताना, घड्याळात एक सेकंद परत टाकल्यावर, अलाबामाची 57 यार्डांची किक आखूड पडली. ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने ती झेलली आणि पूर्ण मैदान पळत जाऊन सामना संपवला. तो क्षण सगळ्यांना पाठ आहे. त्याच सामन्यात आधीच्या किक चुकवलेल्या अलाबामाच्या मुलाला नंतर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, ते मात्र कुणी सांगत नाही. आता 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींचे पैसे मिळतात, 2025 पासून विद्यापीठही थेट वाटा देतं, म्हणून "पैसे घेतोस तर ऐकून घे" हा युक्तिवाद निघालाय. मला तो पटत नाही. चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, चेंडू का टाकला, यावर तासभर भांडा. मुलाच्या खात्यावर जाऊन त्याच्या आईला शिव्या घालणं ही टीका नाही. याचं मोठं खतपाणी पैजा आहेत. एखाद्या कॉलेज खेळाडूच्या वैयक्तिक आकड्यांवर पैज लावायला खुद्द ओहायोने 2024 मध्ये बंदी घातली, ती याच छळामुळे. साधा नियम: ज्या सामन्यात मन गुंतलंय त्यावर पैसे लावू नका. एका पराभवाचे दोन पराभव होतात आणि दुसऱ्याचा राग त्या पोरावर निघतो.

खेळाडूंनाही तह लागू आहे म्हणा. 2019 च्या एग बोलमध्ये ओल मिसच्या एलायजा मूरने शेवटच्या क्षणी टचडाउन केला आणि गुडघ्यांवर रांगत कुत्र्यासारखा पाय वर करून मुतल्याची नक्कल केली. 15 यार्डांचा दंड. त्यामुळे टचडाउननंतर मिळणारी, बरोबरी साधणारी सोपी किक 35 यार्डांवर गेली, ती हुकली आणि ओल मिस 21-20 असं हरलं. काही दिवसांत ओल मिसच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. एवढी महागडी नक्कल फुटबॉलमध्ये दुसरी नसावी.

एवढं सगळं बोलल्यावर एक गंमत उरते. चाहत्यांच्या अतिरेकाने 1926 नंतर एग बोल बंद पडला नाही. आपल्या काळातली वैरं बंद पडतात ती टीव्हीच्या करारांनी, कारण त्या पैशासाठी विद्यापीठं संघटना बदलतात. टेक्सस ए अँड एमने एसईसी गाठली आणि टेक्ससशी 2011 नंतर थेट 2024 मध्ये गाठ पडली, तीही टेक्सस त्याच संघटनेत आल्यावर. मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या शिकून बाहेर पडल्या, ज्यांनी हा सामना विद्यार्थी म्हणून कधी पाहिलाच नाही. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट 1910 पासून दरवर्षी खेळत होते. ओक्लाहोमाही एसईसीकडे निघाली. 4 नोव्हेंबर 2023 ला स्टिलवॉटरमध्ये ओक्लाहोमा स्टेट 27-24 जिंकली, लोक मैदानात उतरले. 2024 आणि 2025 च्या वेळापत्रकात तो सामना नव्हता.