प्रिंटेझिसचा शॉट सगळ्यांना पाठ, त्या दोन फ्री थ्रोंचं काय?

युरोलीग, म्हणजे युरोपातल्या बास्केटबॉल क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, तिच्या फायनलचा विषय निघाला की आमच्या ग्रुपवर एकच क्लिप येते. इस्तंबूल २०१२, ग्रीसचा ऑलिंपियाकोस ६२, सीएसकेए मॉस्को ६१. (सीएसकेए म्हटलं की ऑफिसात लोक धोनीचं विचारतात, मी आता समजवायचं सोडून दिलंय.) ऑलिंपियाकोसचा स्पानुलिस आत घुसतो, सगळा डिफेन्स त्याच्याकडे ओढला जातो, तो बॉल आपल्याच टीमच्या प्रिंटेझिसला देतो आणि हा पठ्ठ्या एका हाताने इतका उंच उडवतो की वाटतं गेला हा छताला, पण पडतो बरोब्बर रिंगमध्ये. ०.७ सेकंद बाकी. संपलं.

भारी आहेच, वाद नाही. पण मला विचाराल तर मॅच त्याच्या आधीच फिरली होती. दहा सेकंदही उरले नव्हते, सीएसकेए ६१-६० पुढे, आणि फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, एकाचा एक पॉइंट) रेषेवर त्यांचाच रामुनास शिशकाउस्कस. कोणी नवखा पोरगा नाही हा, २००७ ला पनाथिनायकोसकडून आणि २००८ ला सीएसकेएकडून युरोलीग जिंकलेला, २००८ चा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. दोन्ही टाकले असते तर तीनचा फरक, म्हणजे समोरच्यांनी थ्री (लांबून, तीन पॉइंटचा) मारला तरी फक्त बरोबरी. पहिला हुकला. दुसरा पण हुकला. बॉल ऑलिंपियाकोसकडे, आणि पुढचं सगळं क्लिपमध्ये आहे.

फ्री थ्रो म्हणजे साडेचार मीटरच्या आसपासचं अंतर, समोर कोणी हात घालत नाही, पाच सेकंद तुमचे. नागपाड्याच्या किंवा माटुंग्याच्या कोर्टवरचं कुठलंही पोरगं डोळे मिटून टाकेल म्हणतं, आणि टाकतं पण, प्रॅक्टिसला. मॅचमध्ये पाय जड झालेले असतात, श्वास लागलेला असतो आणि सगळं गप्प होऊन तुमच्याकडे बघत असतं, तेव्हा हात आखडतो म्हणजे काय ते खेळलेल्यालाच कळतं. त्यामुळे मला शिशकाउस्कसचा राग कधीच आला नाही, उलट पोटात कालवतं. त्या सीझननंतर तो रिटायर झाला.

आणि मुळात मॅच तिथपर्यंत आलीच कशी? तिसऱ्या क्वार्टरमध्ये सीएसकेए ५३-३४ पुढे होते, १९ चा लीड! टीम पण कसली, अमेरिकेतल्या एनबीएत लॉकआउट (मालक-खेळाडू वादात लीग बंद) म्हणून घरी आलेला किरिलेन्को, त्या सीझनचा एमव्हीपी, सोबत क्रस्टिच, आणि तेओदोसिच, जो आदल्याच वर्षी ऑलिंपियाकोस सोडून आलेला. उलट ग्रीसमध्ये आर्थिक संकट, ऑलिंपियाकोसने बजेट कापलेलं, त्यांना कोणी फेव्हरिट धरलंच नव्हतं. पण कोच इव्कोविचने तरुण पोरांवर भरवसा टाकला, पापानिकोलाऊ तर १८ पॉइंट करून गेला. आता हिशोब बघा, ५३ वरून सीएसकेए उरलेल्या वेळात फक्त ८ पॉइंट करतात आणि समोरचे २८. आठ! याला नशीब म्हणत नाहीत, याला डिफेन्स म्हणतात. पण डिफेन्सची क्लिप कोण फॉरवर्ड करतंय?

मला युरोलीगची ही फायनल एनबीएपेक्षा जास्त छळते ती यासाठीच. तिकडे सातपैकी चार जिंकायच्या, आज माती खाल्ली तर परवा बघू. आपल्या आयपीएलमध्ये पण पहिल्या दोन टीमना एक हरून परत चान्स असतो. इथे फायनल फोर, शुक्रवारी सेमी, रविवारी फायनल, चाळीस मिनिटं, बस. अख्ख्या सीझनची मेहनत एका संध्याकाळी. २०२३ ला काउनासमध्ये ऑलिंपियाकोसचंच तसं झालं, शेवटच्या सेकंदांत रेआल माद्रिदच्या युलने शॉट घातला आणि ७९-७८ ने गेली. फिरून त्यांच्याच गळ्यात.

माझा मित्र अजूनही म्हणतो, शॉट हाच शॉट, बाकी सब झूठ. त्याला फुल मॅच पाठवलीय, तिसऱ्या क्वार्टरपासून बघ म्हटलं. अजून ब्लू टिक पण नाही आलेली.