आभाळ पडलं, पळा पळा

डार्टमूरच्या उघड्या माळावरून उतरणीला लागलं की विडिकममध्ये आधी चर्च दिसतं, मग गाव. इंग्लंडच्या डेव्हन भागातलं हे एवढंसं खेडं, पण मनोरा सुमारे १२० फुटांचा. माळावरचं कॅथीड्रल, म्हणजे मोठं मुख्य चर्च, म्हणतात लोक त्याला. जुन्या काळी इथे कथिल निघायचं. त्याच पैशातून मनोरा चढला, असं सांगतात.

आत गेल्यावर सवयीने खांबाला हात लावला. तळव्याला खरखर जाणवली आणि थेट आजीचा पाटा आठवला, नुकतीच टाकी लावून घेतलेला! आमचा पाटा काळ्या पाषाणाचा, हा खांब राखाडी ग्रॅनाइटचा, मधूनच अभ्रक चमकणारा. पण तळव्याला कुठे भूगोल कळतो?

गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातली टोकदार कमानींची बांधणी, म्हटलं की डोळ्यांपुढे दगडाची नाजूक जाळी येते, वेलबुट्टी येते. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या या चर्चमध्ये ती शोधू नये. ग्रॅनाइट छिन्नीला सहज दाद देत नाही. टाकी मात्र बोथट करतो. मग कमानी टोकदार, पण साध्या. खांब सरळसोट. दगडाशी फार हुज्जत न घालणारा तो पाथरवट मला आवडला. (आमच्याकडे हल्ली ग्रॅनाइट म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यावरचा गुळगुळीत तुकडा. खरा कसा असतो, ते इथे कळलं.)

हौस फिटली ती छतात, लाकडावर. तुळया जिथे एकमेकींना भेटतात तिथे कोरीव फुलं ठोकली आहेत, आणि त्यातल्या एका फुलात गोल धावणारे तीन ससे. प्रत्येकाला दोन कान, पण सगळे मिळून कान तीनच! मान दुखेपर्यंत मोजले, तेव्हा कळलं, प्रत्येक कान दोघांत सामाईक. सशाच्या शिंगाबद्दल आपल्याकडे पूर्वापार बोललं गेलंय, कानांचा हा हिशोब मात्र नवा होता. हेच ससे चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांत याच्याही कित्येक शतकं आधी रंगवलेले आहेत. तिथून इथवर कसे पळत आले, कोण जाणे.

आणि याच छपरावर एकदा आभाळ पडलं. २१ ऑक्टोबर १६३८, रविवार, दुपारची प्रार्थना, आत तीनशेच्या आसपास माणसं. मनोऱ्यावर वीज कोसळली, शिखराचे दगड छप्पर फोडून खाली आले, आगीचा गोळा आत फिरला. चार जण गेले, साठेक जखमी झाले. गावकरी अर्थातच सैतानाला जबाबदार धरतात. येताना तो वाटेतल्या गुत्त्यात बिअर प्यायला थांबला, आणि ती घशातून उतरताना चुर्र आवाज झाला म्हणे. हा चुर्र ज्याने पहिल्यांदा सांगितला, त्याने तापल्या तव्यावर पाण्याचा हात नक्की मारला असणार.

लहानपणीच्या गोष्टीतला ससा पाठीवर पान पडलं म्हणून आख्खं रान घेऊन पळाला होता. निघताना दारातून पुन्हा वर पाहिलं. हे तिघेही पळतच होते, जागच्या जागी.