आमची वाटचाल : मुरुडशेंगेच्या पिळातून

रोपवाटिका सुरू केली तेव्हा आम्हीही गुलाब, जास्वंद, क्रोटन हेच विकत होतो. मुरुडशेंग आली ती बाळगुटीच्या डब्यातून. आई सहाणेवर ती पिळाची शेंग उगाळत होती. मी विचारलं, "ह्याचं झाड कसं असतं गं?" तिला माहीत नव्हतं. सह्याद्रीच्या उतारांवर हे झुडूप मुबलक, कुठे त्याला केवणही म्हणतात आणि सालीच्या वाखाचे दोर वळतात. पण शेंग ओळखणाऱ्या घराला झाड अनोळखी, हे मला खटकलं.

पहिलं बी काष्ठौषधीच्या दुकानातल्या शेंगांमधलं. निम्म्या शेंगा किडलेल्या. उरलेलं बी पेरलं आणि महिनाभर नुसत्या मातीला पाणी घालत बसलो. कवच इतकं टणक की पाणी आत शिरतच नाही, हे उशिरा उमगलं. मग एकेक बी पॉलिश पेपरवर घासायचं आणि रात्रभर भिजत घालायचं. वैताग आणणारं काम, पण कोंब दिसू लागले. आता शेंगा आमच्याच झुडपांच्या. तपकिरी झाल्या की पीळ सुटून बी सांडायच्या आत तोडतो.

रोपं झाली, तर विक्रीची पंचाईत. पावसाळ्यात फूल विटकरी लाल उमलतं आणि जुनं होताना निळसर राखी पडतं, त्यामुळे एकाच फांदीवर दोन्ही रंग. शिंजीर पक्षी घिरट्या घालतात. लोक भुलून रोप न्यायचे आणि उन्हाळ्यात फोन यायचा, "तुमचं झाड मेलं हो." अहो, पानगळीचं झाड ते! एका गृहस्थांनी तर काळजीपोटी रोज पाणी घालून मुळंच कुजवली. रोप बदलून दिलं. चूक आमचीच होती, नेताना सांगितलंच नव्हतं.

आता प्रत्येकाला बजावतो : कुंडीत कोंडू नका, डोक्याच्या वर जातं ते. भरपूर ऊन आणि पाणी न साचणारी जमीन द्या. दुमडलेल्या पानात अळी दिसली तर फवारू नका, तिचं फुलपाखरू होणार आहे. उन्हाळ्यात शंका आली तर नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवं असलं की झाड जिवंत.

मे महिन्यात गल्ल्याशेजारी आम्ही मुद्दाम एक निष्पर्ण रोप मांडतो. बरीच गिऱ्हाइकं ते बघून क्रोटनकडेच वळतात.